रास्ता रोको आणि यूएपीए : विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला दहशतवादविरोधी कायदा लागू शकतो का?

सेलूकर (प्रश्न)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलूचा रहिवासी आहे. माझी भाची दिल्लीतील एका विद्यापीठात एम. ए. करते आणि वसतिगृहाचे शुल्क, शिष्यवृत्ती, प्रवेशाचे निकष अशा प्रश्नांवर तेथे जी आंदोलने होतात, त्यांत ती नेमाने भाग घेते. तिने ही गोष्ट घरच्यांपासून कधी लपवली नाही आणि आम्हीही तिला अडवले नाही. मात्र दिल्ली दंगलीच्या कटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये उमर खालिद आणि शर्जील इमाम यांना जामीन नाकारला आणि त्याच खटल्यातील अन्य पाच जणांना तो दिला, ही बातमी वाचल्यापासून माझ्या बहिणीने मुलीला परत बोलावून छत्रपती संभाजीनगरला प्रवेश घ्यायला लावायचे मनावर घेतले आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हातात हत्यार घेऊन दंगलीत उतरलेल्या माणसावर कडक कायदा लावला, तर ते कोणालाही पटते. पण ज्यांच्यावरील आरोप प्रामुख्याने भाषणे, बैठका, व्हॉट्सॲप गट आणि रस्ता अडवण्याचे नियोजन या स्वरूपाचे आहेत, ती माणसे खटला उभा राहण्याआधी पाच-पाच वर्षे तुरुंगात कशी राहू शकतात? दुसरे असे की रस्ता अडवणे हा जर दहशतवादाचा भाग मानला जाऊ शकत असेल, तर कापसाच्या भावापासून आरक्षणापर्यंत प्रत्येक मागणीसाठी महामार्गावर ठाण मांडणाऱ्या आपल्या मराठवाड्याचे काय? कायदा तर साऱ्या देशाला एकच आहे. आणि शेवटचे म्हणजे, भाचीला परत बोलावण्यात शहाणपण आहे का, याविषयी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे. कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात शेरेबाजी नको, एवढी विनंती.

खंडपीठातील वकील

सेलूकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जामिनाच्या तरतुदीत आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, म्हणजे ज्याला सर्वजण यूएपीए म्हणतात तो, मूळचा १९६७ चा कायदा आहे. तो फुटीरतावादी संघटनांवर बंदी घालण्यासाठी आला होता. पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला त्या वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, दहशतवादी कृत्यांचे प्रकरण त्यात घालण्यात आले, आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये कलम ४३-डी त्याला जोडले गेले. या एका कलमाने साऱ्या खटल्याची चाल बदलते. पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत मिळू शकते, आरोपपत्र दाखल करण्याची मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढते, अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद होतो, आणि पोटकलम ५ नुसार, केस डायरी (पोलिसांची तपासाची नोंदवही) किंवा आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाचे मत झाले, तर जामीन देता येत नाही.

ही शेवटची अट कागदावर वाचताना फारशी भयंकर वाटत नाही. तिचे खरे वजन एप्रिल २०१९ मधील वताली प्रकरणाच्या निकालानंतर कळू लागले. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामिनाच्या टप्प्यावर न्यायालयाने पुराव्याची बारकाईने छाननी करू नये आणि एखादा दस्तऐवज पुराव्यात ग्राह्य ठरेल की नाही, या वादातही शिरू नये. म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी व्हायची असते, अनेकदा त्याचे नावही गुप्त ठेवलेले असते, आणि तरी त्याचा जबाब जामीन नाकारण्यासाठी पुरेसा ठरतो. तो जबाब खोटा आहे हे दाखवण्याची संधी खटल्यात मिळणार, पण शेकडो साक्षीदारांचा आणि हजारो पानांच्या आरोपपत्राचा खटला सुरू होणार कधी? उमर खालिद यांना १३ सप्टेंबर २०२० रोजी अटक झाली. सत्र न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये जामीन नाकारला. या साऱ्या काळात त्यांचा दोष सिद्ध झालेला नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध झालेले नाही, कारण त्या प्रश्नाची सुनावणीच झालेली नाही.

आता रस्ता अडवण्याविषयी. कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची जी व्याख्या आहे, तिच्यात बॉम्ब, स्फोटके, बंदुका, विषारी वायू अशी साधने मोजल्यानंतर ‘अन्य कोणत्याही स्वरूपाच्या साधनांनी’ अशा अर्थाचे शब्द येतात. आणि परिणामांच्या यादीत मृत्यू व मालमत्तेचे नुकसान यांच्याबरोबर समाजजीवनाला आवश्यक असलेल्या पुरवठ्यात किंवा सेवांत व्यत्यय आणणे हेही आहे. दिल्लीच्या खटल्यात अभियोग पक्षाने चक्का जामचा मुद्दा येथे बसवला आहे. त्यांचे म्हणणे असे, की नागरिकत्व कायद्याविरुद्धची धरणी हा देखावा होता आणि ठरवून रस्ते बंद करून दंगल घडवण्याचा कट त्यामागे होता. आरोपींना हे मान्य नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १५ जून २०२१ रोजी नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ इक्बाल तन्हा या विद्यार्थ्यांना जामीन देताना अगदी वेगळी भूमिका घेतली होती. चिथावणीखोर भाषणे, चक्का जाम, महिलांना आंदोलनासाठी एकत्र आणणे हे सारे खरे मानले तरी ते दहशतवादी कृत्य होत नाही, आणि विरोध दडपण्याच्या घाईत आंदोलनाचा हक्क व दहशतवाद यांतील सीमारेषा शासनाच्या मनात पुसट होत चालली आहे, असे त्या खंडपीठाने नोंदवले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य प्रकरणांत पूर्वदाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. तिघांचा जामीन मात्र कायम राहिला आणि मे २०२३ मध्ये त्याविरुद्धची दिल्ली पोलिसांची अपिले निकाली निघाली. म्हणजे माणसे सुटली, पण ज्या तर्काने सुटली तो तर्क इतरांच्या उपयोगाला आला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बातम्यांत ती सहसा येत नाही.

एक दार उघडे राहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर कलम ४३-डी आड येत असले तरी संवैधानिक न्यायालये राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या) आधारे जामीन देऊ शकतात. जानेवारी २०२६ च्या निकालाने या दाराची चौकट अरुंद केली. विलंब झाला म्हणून जामीन आपोआप मिळत नाही, प्रत्येक आरोपीची कथित भूमिका वेगळी पाहावी लागते, असे म्हणून न्यायालयाने दोघांना बाकीच्यांपासून वेगळे काढले. त्या दोघांना ठरावीक काळानंतर पुन्हा अर्ज करता येईल, असेही त्यात आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढेच म्हणेन, की व्याख्येच्या शब्दांकडे पाहिले तर सोलापूर–धुळे महामार्गावरचा रास्ता रोको आणि दिल्लीचा चक्का जाम यांत फरक करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हेतू. देशाची एकता, सुरक्षितता किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा अथवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू असेल, किंवा तसे घडण्याची शक्यता असेल, तरच कलम १५ लागते. पण हेतू कोणी डोळ्यांनी पाहत नाही. तो भाषणांवरून, संदेशांवरून आणि साक्षीदारांच्या जबाबांवरून काढायचा असतो, आणि तो कोणाच्या बाबतीत कसा काढला जातो, यावर सारे अवलंबून राहते.

निवृत्त पोलीस अधिकारी, जालना

वकील साहेबांनी कायदा अचूक सांगितला आहे. तरीही सेलूकरांच्या मनात चित्र एकांगी राहू नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

फेब्रुवारी २०२० च्या ईशान्य दिल्लीतील दंगलीत ५३ माणसे मेली. इतकी माणसे मरतात तेव्हा त्यामागे कोणी योजना आखली होती का, हे शोधणे तपास यंत्रणेचे कर्तव्यच आहे आणि कट हा गुन्हा असा आहे, की त्यात पुरावा बहुधा बोलण्याचा आणि संदेशांचाच असतो. ‘फक्त भाषण केले’ किंवा ‘फक्त गटात होते’ असे म्हणून तो प्रश्न उडवून लावता येत नाही. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. खटला लवकर चालत नाही ही गोष्ट लाजिरवाणी आहे, पण त्याचा दोष एकट्या पोलिसांच्या माथी मारणेही योग्य नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर काय घडते, तेही सांगतो. आंदोलनापूर्वी नेत्यांना नोटीस जाते. फौजदारी प्रक्रिया संहिता होती तेव्हा ती कलम १४९ ची असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात बहुतेक वेळा मनाई आदेश लागू असतातच. रस्ता अडवला, तर आंदोलकांना ताब्यात घेऊन, नावे लिहून, संध्याकाळी सोडून देतात. फार तर बेकायदेशीर जमाव आणि आदेशभंग यांचा गुन्हा दाखल होतो. अंतरवाली सराटीतील सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर आणि त्या ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये घरे व कार्यालये जाळली गेल्यानंतरही सारी हाताळणी नेहमीच्याच कलमांनी झाली.

यूएपीए लावणे ठाणे अंमलदाराच्या हातात नसते. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि खटला चालवण्यासाठी कलम ४५ नुसार शासनाची मंजुरी लागते. ती मंजुरी देण्यापूर्वी स्वतंत्र प्राधिकरणाने पुरावा तपासून सात कामकाजाच्या दिवसांत शिफारस करायची असते आणि पुढील सात कामकाजाच्या दिवसांत शासनाने निर्णय घ्यायचा असतो. या मुदती बंधनकारक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्याचा गुन्हा आला आहे. त्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा की यूएपीएखाली, हे अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. अधिछात्रवृत्तीसाठी धरणे धरलेल्या पोरांवर यातले काही लागेल, असे मला माझ्या सेवेच्या अनुभवावरून मुळीच वाटत नाही. भाचीला शिकू द्या.

संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

काका, तुमच्या बहिणीला माझ्या वतीनेही सांगा, की मुलीला परत बोलावू नका. मात्र जालन्याच्या साहेबांनी जो दिलासा दिला, तो मला पुरता पटत नाही, आणि त्याची कारणे मी आमच्याच भागातून देते.

मंजुरी, प्राधिकरण, वरिष्ठ अधिकारी हे सारे अडसर कायद्यात आहेत. पण मंजुरीची गरज न्यायालय गुन्ह्याची दखल घेते त्या वेळी लागते. अटक त्याआधी महिनोन्महिने होऊन गेलेली असते. नांदेडमधून ऑगस्ट २०१२ मध्ये दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झालेल्या दोघांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने जून २०२१ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सोडले. ते विद्यार्थी नव्हते आणि आंदोलकही नव्हते, हे मला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच, की हे अडसर असतानाही नऊ वर्षे जातात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत सांगितलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांना शिक्षा झाली. शिक्षा झालेले लोक अटक झालेल्या त्याच लोकांपैकी असतील असे नाही, कारण खटले आधीच्या वर्षांचे असतात; तरीही तफावतीचा अंदाज त्यावरून येतो.

आणि हा कायदा विद्यार्थ्यांना लागतच नाही, असेही नाही. केरळातील कोळिकोड येथे नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲलन शुहैब आणि ताहा फसल हे कायद्याचे आणि पत्रकारितेचे विद्यार्थी पुस्तके, पत्रके व फलकांच्या आधारे पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या जामिनावर शिक्कामोर्तब करताना सांगितले, की एखाद्या संघटनेविषयी जवळीक असणे आणि तिच्या कारवाया पुढे नेण्याचा हेतू असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काश्मीरच्या गांदरबलमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर दिलेल्या कथित घोषणांवरून कृषी विद्यापीठाच्या सात विद्यार्थ्यांवर यूएपीए लावला गेला, आणि पुढे तो मागे घेतल्यावर त्यांना जामीन मिळाला. मागे घेतला हे चांगलेच झाले. पण एका क्रिकेट सामन्यासाठी तो लावावासा वाटला, यावरून तो किती सहज हाती येतो ते दिसते. कोणावर सहज हाती येतो, हाही प्रश्न आहे. दिल्लीच्या खटल्यातील आरोपींची नावे वाचा, भीमा कोरेगाव प्रकरणातील वाचा, आणि मग अंतरवाली किंवा बीडच्या घटनांशी तुलना करा. वकील सर म्हणाले की फरक हेतूचा असतो. माझ्या मते, आंदोलक कोण आहे हे पाहून हेतूचा अंदाज बांधला जातो.

नेहमीच्या कलमांनाही कमी लेखू नये. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे आंदोलन पेटले, त्यात अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. तेथे दहशतवादाचे कोणतेही कलम नव्हते. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने दिला, तो राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात आव्हानित केला आणि तेथेही तो टिकला. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट मी सांगायला नको.

त्याच जुलैमध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, त्यानंतर त्याचा रोख कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता केला गेला. ‘तत्सम’ या शब्दाची हद्द कोण ठरवणार, हे मला कोणी सांगितले तर मी आभारी राहीन. आमच्या विद्यापीठात अधिछात्रवृत्तीच्या धरण्याला बसणारी मुले आता पत्रकावर छापलेले प्रत्येक वाक्य दोनदा वाचतात, आणि घरून फोन येतो तेव्हा धरण्यावर आहोत हे सांगत नाहीत. तुमची भाची सांगते, हे फार मोलाचे आहे.

अंबाजोगाईचे गुरुजी

वरील चर्चेत आमच्या हैदराबाद संस्थानाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो.

१९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि पाठोपाठ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला आणि निजामाच्या प्रशासनाने त्यांना काढून टाकले. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी, असा संस्थानाचा दंडक होताच. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, आणि त्यांच्यात पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. निजामाचे राज्य काही उदार नव्हते; रझाकारांचा काळ पाहिलेल्या घरांत हे सांगावे लागत नाही. तरीही त्या प्रसंगी त्या मुलांना मिळालेली शिक्षा शिक्षण तुटण्याची होती आणि संस्थानाची सीमा ओलांडली की ते पुन्हा जोडता येत होते. आज तिहारमध्ये असलेल्या संशोधकाला दुसरे नागपूर नाही. आसिफ तन्हा यांना पदवीच्या परीक्षेसाठीही न्यायालयाकडून काही दिवसांची मोकळीक मागून घ्यावी लागली होती.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी फारसा बोलत नाही. टाडा हा पोटाच्याही आधीचा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तेव्हा तो दोन वर्षांसाठी होता. त्याला मुदतवाढ देत देत १९९५ पर्यंत नेले, पण प्रत्येक वेळी संसदेत उत्तर द्यावे लागत होते, आणि गैरवापराची ओरड वाढली तेव्हा नुसती मुदत न वाढवल्याने तो संपला. २००२ च्या पोटालाही तीन वर्षांची मर्यादा होती. यूएपीएला अशी मुदत नाही. तात्पुरत्या संकटासाठी केलेल्या तरतुदी २००४ आणि २००८ मध्ये कायमच्या कायद्यात नेऊन ठेवल्या, आणि पडसाळीत तात्पुरती ठेवलेली कोठी जशी तेथेच राहते तशा त्या राहिल्या. कोणताही पक्ष सत्तेवर आला तरी त्या हलवायला हात लावत नाही. २००८ ची दुरुस्ती करणारे आणि २०१९ मध्ये एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद आणणारे वेगवेगळ्या बाकांवरचे होते, हे सेलूकरांनी पक्षीय शेरेबाजी नको म्हटले म्हणून मुद्दाम नोंदवतो.

नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षे चालला. सत्याग्रह झाले, मोर्चे झाले, जेलभरो झाले, हजारो विद्यार्थी तुरुंगात जाऊन आले. जाऊन आले, हे महत्त्वाचे. ती पिढी पुढे प्राध्यापक झाली, वकील झाली, आमदार झाली. त्या वेळी पोलिसांच्या हाती आजचे कलम ४३-डी असते, तर १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडला असता का, याचा विचार जालन्याच्या साहेबांनीही करून पाहावा.

निवृत्त पोलीस अधिकारी, जालना

गुरुजी, विचार केला. नामांतराच्या काळात दलित वस्त्या जाळणाऱ्यांवर कडक कायदा असता, तर तो लावायला हवा होता असे मला वाटते, आणि तो कायदा आंदोलक विद्यार्थ्यांवर लावला गेला असता, तर मी त्याला चूक म्हटले असते. कायदा नसावा असे त्यातून निघत नाही. संशोधक ताईंचा परभणीचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

सेलूकर

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला सारी चर्चा वाचून दाखवली. मुलीला परत बोलावण्याचा आग्रह तिने सोडला आहे, पण तिचे दोन व्यावहारिक प्रश्न आहेत आणि ते रास्त वाटतात. उद्या खरोखरच पोलिसांनी मुलीला ताब्यात घेतले किंवा तिचा फोन मागितला, तर घरच्यांनी सेलूत बसून नेमके काय करायचे? आणि आंदोलनात ताब्यात घेऊन सोडून दिल्याची नोंद पुढे पासपोर्टला किंवा सरकारी नोकरीला आड येते का?

खंडपीठातील वकील

सेलूकर, पहिली गोष्ट म्हणजे ताब्यात घेणे आणि अटक यांतील फरक लगेच विचारून घ्यावा. अटक असेल, तर तिची कारणे लेखी मिळाली पाहिजेत. यूएपीएच्या प्रकरणात हे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांची अटक अवैध ठरवताना सांगितले आहे. ‘गुन्ह्याच्या चौकशीसाठी अटक आवश्यक’ असे छापील वाक्य पुरत नाही. त्या विशिष्ट व्यक्तीला का अटक केली, हे कागदावर हवे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे, नातेवाइकांना कळवणे आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे, हे हक्क यूएपीएमध्येही शाबूत आहेत. त्यामुळे मुलीने दिल्लीतील एका वकिलाचा आणि एका विश्वासू प्राध्यापकाचा क्रमांक पाठ करून ठेवावा, कारण फोन जप्त झाला की त्यातील क्रमांकही जातात. वकील परवडत नसेल, तर तेथील विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो.

दुसरी गोष्ट, प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मिळवून त्यातील कलमे नीट पाहावीत. केवळ यूएपीए हा शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत. कलम ४३-डी (५) ची जामिनाची अट प्रकरण ४ आणि ६ मधील गुन्ह्यांनाच लागू आहे. बेकायदेशीर कृत्याचे कलम १३ प्रकरण ३ मध्ये येते, म्हणून तेवढेच कलम असेल तर जामिनाचा विचार नेहमीच्या निकषांवर होतो. कलम १६, १७ किंवा १८ जोडले गेले की चित्र पालटते. त्या परिस्थितीत नव्वदाव्या दिवसाची नोंद ठेवावी. मुदतवाढीसाठी सरकारी वकिलाने स्वतंत्र अहवाल देऊन विशिष्ट कारणे सांगावी लागतात, आणि मुदत वाढलेली नसताना आरोपपत्र आले नाही, तर मुदत संपताच जामिनाचा अर्ज गेला पाहिजे. हा हक्क एका दिवसाच्या उशिराने हातचा जाऊ शकतो, कारण अर्जाआधी आरोपपत्र दाखल झाले की तो संपतो.

फोनची जप्ती पंचनाम्याशिवाय होऊ देऊ नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता आवश्यक आहे. फोनमधील माहितीचे हॅश मूल्य (त्या माहितीवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) पंचनाम्यात नोंदवण्याचा आग्रह धरावा. पुढे कोणी त्यात काही घातले किंवा काढले, तर ते याच आकड्यावरून सिद्ध होते. काही संदेश खोडून टाकावेत असा मोह अशा वेळी होतो. चौकशी सुरू झाल्यावर तसे कदापि करू नये, कारण पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा त्यातून उभा राहतो.

आंदोलनाच्या परवानगीविषयी एक निकाल तुमच्या भाचीच्या मराठवाड्यातील मित्रांना उपयोगी पडेल. बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाचा आधार घेऊन माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावरील नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या धरण्याला पोलिसांनी परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांच्या औरंगाबाद खंडपीठाने ते आदेश रद्द केले, आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्या माणसांना तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येणार नाही, असे निकालपत्रात लिहिले. याच आंदोलनाच्या दिल्लीतील शाखेवर पुढे दहशतवादाचा खटला उभा राहिला, हेही लक्षात असू द्यावे.

पासपोर्टबाबत सांगायचे, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ व ६९ खाली ताब्यात घेऊन सोडून दिले, तर तो प्रलंबित फौजदारी खटला ठरत नाही. गुन्हा दाखल होऊन न्यायालयाने दखल घेतली असेल, तर त्या न्यायालयाची परवानगी घेऊन ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात अटक किंवा खटल्याविषयी विचारलेले असेल, तर जे घडले ते खरे लिहावे. किरकोळ गुन्ह्यामुळे नोकरी जाण्यापेक्षा तो लपवल्यामुळे गेल्याची प्रकरणे आमच्याकडे अधिक येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचे निकष दिले आहेत, ते भाचीने अर्ज भरण्यापूर्वी एकदा वाचावेत.